शिकागोच्या माळावरचे घर

शिकागो शहराचे नाव निघाले की मराठी श्रोत्याला दोन गोष्टी हटकून आठवतात. एक, १८९३ सालची सर्वधर्मपरिषद व तीत स्वामी विवेकानंदांनी गाजविलेली व्याख्याने. दुसरी, त्याआधी सात वर्षे, १८८६ च्या मे महिन्यात आठ तासांच्या दिवसासाठी झालेला संप आणि हे-मार्केट चौकातील बाँबचा स्फोट. त्याच्याच आठवणीतून पुढे जगभर मे दिन पाळला जाऊ लागला. पहिली गोष्ट आम्हाला शाळेच्या पुस्तकाने दिली, दुसरी युनियनच्या झेंड्याने. परंतु या दोन घटनांच्या मधल्या काळात, म्हणजे १८८९ साली, त्याच शहरात तिसरी एक गोष्ट घडली, आणि तिची ओळख आपल्याकडे समाजकार्याच्या विद्यार्थ्यांपलीकडे फारशी कोणाला नाही. शहराने गिळलेल्या एका जुन्या, गावाबाहेरच्या घराचे मजुरांच्या वस्तीने चित्रशाळा, नाट्यगृह, गायनशाळा आणि युनियनचे सभागृह करून टाकले. त्या घराचे नाव हल-हाउस. त्याचा इतिहास आम्हाला या व्यासपीठावर मांडावासा वाटतो, याचे कारण कलेचे कौतुक हे नाही. कामगाराचा आणि कलेचा संबंध कशावर उभा राहतो, आणि कशामुळे तुटतो, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्या एका घरात सापडतात.

प्रथम घर पाहू. चार्ल्स हल नावाच्या, जमिनींचे व्यवहार करणाऱ्या एका गृहस्थाने ते १८५६ साली बांधले. त्या वेळी शिकागोची वस्ती तिथवर पोहोचली नव्हती. भोवती मोकळा माळ होता. विटांचे प्रशस्त घर, तीन बाजूंनी रुंद ओसरी, रस्त्यापासून बरेच आत. आज आपल्याकडे पैसेवाले लोक शहराबाहेर जागा घेऊन जे बांधतात आणि ज्याला फार्महाउस म्हणतात, त्या जातीचे ते घर होते असे म्हणायला हरकत नाही. पुढे शहर त्याच्याकडे चालून आले. १८७१ च्या ऑक्टोबरात शिकागोला जी प्रचंड आग लागली ती या घरापासून थोड्याच रस्त्यांवर असलेल्या एका गोठ्यात सुरू झाली. वारा ईशान्येकडे वाहत होता म्हणून शहराचा मध्यभाग जळाला व हे घर वाचले. आगीनंतर माळावर लाकडी खोल्या उभ्या राहिल्या, त्यांत युरोपातून आलेले मजूर भरले. इटालियन, जर्मन, आयरिश, बोहेमियन, ग्रीक, पोलंड-रशियाकडचे ज्यू, अशा नाना भाषांचे लोक हॉलस्टेड रस्त्याच्या दोहो बाजूंना राहू लागले. घरोघर शिवणाची यंत्रे होती. कारखानदाराने ठेकेदाराला दिलेले काम ठेकेदार या घरांत वाटी, आणि आई, आजी, पोरे सगळी मिळून ते रात्री उशिरापर्यंत करीत.

हलच्या घराचीही दशा पालटली होती. कधी त्यात जुन्या सामानाचे दुकान होते, कधी वृद्धांचा आश्रम. १८८९ साली खालच्या मजल्यावर मागच्या कारखान्याची कचेरी व कोठी होती. एका अंगाला प्रेते पुरण्याची व्यवस्था करणाऱ्याचे दुकान, दुसऱ्या अंगाला दारूचा गुत्ता. माळ्यावर भूत आहे अशी भाडेकऱ्यांची समजूत, आणि भुताला पाणी ओलांडता येत नाही म्हणून ते जिन्यात पाण्याचा तांब्या भरून ठेवीत. अशी घरे गिरणगावाच्या आसपास ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे वर्णन परके वाटणार नाही.

या घरात १८ सप्टेंबर १८८९ रोजी दोन शिकलेल्या, खात्यापित्या घरच्या स्त्रिया राहायला आल्या: जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार. ॲडम्सबाई त्या वेळी एकोणतीस वर्षांच्या. इलिनॉय प्रांतातल्या सीडरव्हिल गावच्या एका गिरणीवाल्याची आणि प्रांतिक सिनेटच्या सभासदाची ही मुलगी. लंडनच्या पूर्व भागात गरिबांच्या वस्तीत विद्यापीठातल्या तरुणांनी जाऊन राहावे म्हणून १८८४ साली टॉयन्बी हॉल निघाला होता. तो त्यांनी पाहिला आणि तसेच काही आपल्या शहरात करावे असे ठरविले. घराची मालकी हल यांच्या नात्यातल्या हेलन कल्व्हर यांच्याकडे आली होती. त्यांनी आधी काही खोल्या भाड्याने दिल्या, आणि पुढच्या वसंतात सबंध घर बिनभाड्याने दिले. घराला हल यांचेच नाव राहिले. मालकीचा हा तपशील श्रोत्यांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याची गरज लागणार आहे.

आता या दोघींनी सुरुवात कशी केली? ती सुरुवात वरून खाली देण्याची होती. स्टारबाई शेजारच्या इटालियन मुलींना जमवून जॉर्ज इलियटची फ्लॉरेन्स शहरावरची कादंबरी वाचून दाखवीत. भिंतींवर चांगली चित्रे लावली. एडवर्ड बटलर नावाच्या व्यापाऱ्याने दिलेल्या देणगीतून १८९१ साली जुन्या घराच्या शेजारी पहिली नवी इमारत उठली ती चित्रशाळेची. खाली वाचनालय, वर चित्रांचे प्रदर्शन. श्रीमंतांच्या घरांतून चित्रे काही दिवस उसनी आणून मजुरांना दाखवावयाची, अशी ती योजना होती. हेतू निर्मळ होता, यात शंका नाही. परंतु दिवसाचे बारा-चौदा तास सुईत डोळे घातलेली बाई संध्याकाळी ते चित्र पाहायला येणार कधी, आणि आलीच तर कोणत्या डोळ्यांनी पाहणार? हा प्रश्न त्या चित्रशाळेच्या दारातच उभा होता. त्याचे उत्तर वस्तीतल्या लोकांनी दिले, आणि ते ऐकून घेण्याइतके मोठे मन या दोघींजवळ होते. हल-हाउसचा खरा मोठेपणा आम्ही यात मानतो.

पुस्तकबांधणीच्या कारखान्यात काम करणारी मेरी केनी नावाची एक तरुण आयरिश मुलगी होती. तिने आपल्या धंद्यातल्या बायकांची युनियन बांधायला घेतली होती. ॲडम्सबाईंचे जेवणाचे आमंत्रण आले तेव्हा ती संशयानेच गेली. अशा बायकांना आपले काय कळणार, हा तिचा भाव होता. ॲडम्सबाईंनी विचारले, तुमच्या कामात आमची मदत काय होईल? केनी म्हणाली, आमच्या सभा दारूच्या गुत्त्यावरच्या खोलीत होतात. बायकांना तिथे यायला संकोच वाटतो. तेव्हापासून सभा हल-हाउसमध्ये होऊ लागल्या, आणि सभेची पत्रके वाटायला ॲडम्सबाई स्वतः निघाल्या. युनियनचे काम ज्यांनी केले आहे त्यांना या लहानशा गोष्टीचे मोल सांगायला नको. चाळीच्या जिन्याखाली, देवळाच्या ओट्यावर, चहाच्या दुकानात मालकाची नजर चुकवून आम्ही सभा घेतल्या आहेत. चार भिंती आणि एक दिवा मिळाला की निम्मी युनियन उभी राहते. सदरे शिवणाऱ्या आणि झगे शिवणाऱ्या बायकांच्या युनियनी याच घरात स्थापन झाल्या. मेरी केनीला १८९२ साली अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबरने संघटक नेमले. त्या संस्थेची ती पहिली स्त्री-संघटक.

याच बायकांमधून दुसरी एक कल्पना निघाली. संप झाला की पहिल्यांदा मोडतात त्या एकट्या राहणाऱ्या मुली, कारण घरमालकाचे भाडे थांबत नाही. मग आपणच एकत्र भाड्याने राहिलो, तर एकमेकींना धरून राहता येईल. या विचाराने १८९१ च्या मे महिन्यात सुमारे पंधरा मुलींनी ‘जेन क्लब’ नावाचे सहकारी वसतिगृह काढले. कारभार त्यांचा, हिशेब त्यांचा, नियम त्यांचे. पुढे तिथल्या सभासदांची संख्या पन्नासापर्यंत गेली. या क्लबाला स्वतःची इमारत हवी होती आणि एका कारखानदाराने वीस हजार डॉलर देऊ केले. परंतु त्याच्या कारखान्यातल्या मुलींना तो फार कमी मजुरी देतो अशी त्याची ख्याती होती. हल-हाउसने ते पैसे नाकारले. ज्या मुलींच्या मजुरीतून कापलेला पैसा, तोच मुलींच्या वसतिगृहाला दान म्हणून घ्यावयाचा, हे त्यांना पटले नाही.

१८९१ च्या अखेरीस फ्लॉरेन्स केली नावाची बाई आपल्या तीन मुलांसह शिकागोला आली आणि हल-हाउसची झाली. तिने घरोघर फिरून शिवणकामाच्या त्या कोंदट खोल्यांची पाहणी केली. त्या पाहणीतून आणि वस्तीतल्या कामगारांच्या चळवळीतून १८९३ साली इलिनॉयचा कारखाना कायदा झाला. चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात कामाला बंदी, आणि स्त्रियांना व अल्पवयीनांना दिवसाचे आठ तास. गव्हर्नर आल्टगेल्ड यांनी केलीबाईंनाच मुख्य कारखाना-निरीक्षक नेमले. हे तेच आल्टगेल्ड, ज्यांनी त्याच वर्षी हे-मार्केट खटल्यातल्या हयात असलेल्या तिघा कैद्यांना माफी देऊन आपले राजकीय आयुष्य पणाला लावले. कायद्याची चळवळ चालू असताना हल-हाउसकडे निरोप आला की, हे घामखान्यांचे खूळ सोडून द्या, पन्नास हजार डॉलर मिळतील. ॲडम्सबाईंनी ही हकीगत पुढे आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. पैसे अर्थातच घेतले नाहीत. दोन वर्षांनी, १८९५ च्या मार्चमध्ये, प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ तासांचे कलम रद्द केले. मुलांच्या बंदीचा भाग मात्र टिकला.

कलेच्या इतिहासात कारखाना कायदा कोठून आला, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे असे की त्याशिवाय हा इतिहास सुरूच होत नाही. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती १८९० साली. त्याआधी सबंध आठवडा साच्यापाशी उभ्या राहणाऱ्या माणसाला भजनाला, तमाशाला, नाटकाला वेळ कोठून असणार? गिरणगावात भजनी मंडळे, नाट्यमंडळे, शाहिरांचे फड उभे राहिले ते सुटीच्या दिवसावर आणि पाळी सुटल्यानंतरच्या तासांवर. कामाचे तास कमी करणे हे कलेचे पहिले काम आहे. एका छपराखाली चित्रशाळा आणि आठ तासांची मागणी या दोन्ही गोष्टी राहिल्या, हा योगायोग नव्हता.

स्टारबाईंना हे स्वतःच्या हाताने कळत गेले. १८९५ साली हल-हाउसच्या रहिवाशांनी वस्तीचे नकाशे आणि निबंध यांचा जो ग्रंथ काढला, त्यात त्यांनी कला आणि श्रम यांवर निबंध लिहिला. त्यातील मुद्दा थोडक्यात असा: ज्याच्या कामात आनंद उरला नाही, त्याला फावल्या वेळात चित्रे दाखवून तो आनंद भरून देता येत नाही; काम बदलले पाहिजे. मग त्या लंडनला गेल्या, कॉब्डन-सँडरसन या नामांकित कारागिराकडे पुस्तकबांधणी शिकल्या, आणि परत येऊन हल-हाउसमध्ये त्यांनी बांधणीशाळा घातली. पुस्तके फार सुंदर होत. परंतु ती विकत घेणार कोण, तर श्रीमंत. मजुरासाठी आणलेली कला पुन्हा मालकाच्या कपाटात जाऊन बसली. ही विसंगती स्टारबाईंना बोचत राहिली. पुढे त्या चित्रांपेक्षा संपाच्या फाटकावर अधिक दिसू लागल्या, आणि १९१४ साली उपाहारगृहातल्या वाढपी मुलींच्या संपात त्यांना अटकही झाली.

हल-हाउसने केलेला सर्वांत मोलाचा प्रयोग आता सांगतो. पोल्क रस्त्यावरून जाताना ॲडम्सबाईंना एक म्हातारी इटालियन बाई दारात बसून साध्या काडीच्या टकळीवर सूत काढताना दिसली. तिच्या गावी हीच विद्या मानाची होती. शिकागोत तिला कोणी विचारीत नव्हते, आणि तिची मुले-नातवंडे यंत्राच्या खात्यात जात होती. या दृश्यावरून १९०० साली श्रमाचे संग्रहालय निघाले. त्यात काचेच्या कपाटात वस्तू ठेवल्या नव्हत्या. सीरिया, ग्रीस, इटली, रशिया, आयर्लंड इथल्या बायका आपापल्या टकळ्या, चरखे घेऊन बसत आणि सूत काढून दाखवीत. शेजारी हातमाग, आणि तिथून यंत्रापर्यंतची सारी परंपरा क्रमाने मांडलेली असे. सूत तेच, फिरकी तीच, देश मात्र निराळे. पाहणाऱ्याच्या ध्यानात येई की, आपले भांडण असलेले हे सारे लोक एकाच धंद्याचे भाऊबंद आहेत.

ॲडम्सबाईंनी तिथली एक हकीगत दिली आहे. एक इटालियन मुलगी दर शनिवारी हल-हाउसच्या स्वयंपाकाच्या वर्गाला येई, आणि तिची आई त्याच संध्याकाळी संग्रहालयात सूतकताई दाखवायला येई. मुलगी आईबरोबर दारापर्यंत येई, पण आत शिरताना दुसऱ्या दाराने जाई. खेडवळ आई, डोक्याला रुमाल, आखूड घागरा. मैत्रिणींनी पाहिले तर काय म्हणतील! एके दिवशी तिने पाहिले की, अध्यापनशास्त्राच्या महाविद्यालयातून आलेली मंडळी तिच्या आईभोवती उभी आहेत आणि तिच्या हाताचे कौतुक करीत आहेत. त्या दिवशी ॲडम्सबाईंनी तिला आईच्या गावचे, तिथल्या सणांचे, त्या कौशल्याचे वर्णन सांगितले. पुढे ती मुलगी आईच्या दाराने आत येऊ लागली.

श्रोतेहो, ही गोष्ट शिकागोची असली तरी तिच्यात आपल्याला अनोळखी असे काय आहे? आई नऊवारीत, हातात भाकरीचे गाठोडे घेऊन शाळेच्या फाटकाशी आली की मान खाली घालणारी मुले आमच्या वस्तीत थोडी नव्हती. बापाच्या हातातली विद्या, मग तो साचा चालविणारा असो, त्रासन खात्यातला असो, की घडीव पाथरवट असो, पोराला ती विद्या वाटतच नाही. ती गरिबी वाटते. शाळा त्याला सांगते की ज्ञान पुस्तकात आहे. बापाचे काम हेच इतिहासाचे एक पान आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. हल-हाउसने ते सांगितले. श्रीमंतांची चित्रे गरिबांना दाखविण्यापासून ज्या घराने सुरुवात केली, त्याने दहा-अकरा वर्षांनी गरिबांचे हात साऱ्या शहराला दाखविले.

एकदा हा बदल झाल्यावर कलेची सगळी दालने जिवंत झाली. एलनर स्मिथ यांची गायनशाळा १८९३ पासून चालू होती. रंगमंचावर वस्तीतल्याच नटांची मंडळी इब्सेन, शॉ, गॉल्सवर्दी यांची नाटके करीत. फळांच्या गाड्या ढकलणाऱ्या, हमाली करणाऱ्या ग्रीक लोकांनी १९०३ साली सोफोक्लीसचे ‘एजॅक्स’ हे नाटक मूळ प्राचीन ग्रीक भाषेत करून दाखविले. रस्त्यात ज्यांना लोक परदेशी म्हणून हिणवीत, त्यांच्याच तोंडून शहरातल्या विद्वानांनी ती भाषा ऐकली. १९०७ पर्यंत हलच्या त्या एका घराभोवती इमारती वाढत वाढत एकंदर तेरा झाल्या. मुलांच्या बँडपथकात पोलंडकडून आलेल्या एका गरीब शिंप्याचा मुलगा क्लॅरिनेट वाजवू लागला. तोच पुढे जगप्रसिद्ध झालेला बेनी गुडमन. १९२० नंतर वस्तीत मेक्सिकन मजूर आले, आणि १९२७ पासून दहा वर्षे तिथे मातीच्या भांड्यांची भट्टी चालली. पिढीजात हातांनी घडविलेली ती भांडी आज संग्राहक जपून ठेवतात. व्हायोला स्पोलिन यांनी इथेच मुलांच्या खेळांतून नाट्यशिक्षणाची पद्धत शिकून घेतली. आज नाट्यशिबिरांत जे खेळ घेतात, त्यांपैकी कित्येकांचे मूळ त्या पद्धतीत आहे.

आणि या सगळ्यात घराने युनियनचा दिवा विझू दिला नाही. १९१० च्या सप्टेंबरात एका मोठ्या कपडे-कारखान्यात विजारीचे खिसे शिवण्याचा दर पाव सेंटने उतरविला, म्हणून हॅना शापिरो आणि तिच्याबरोबरच्या सोळा-सतरा मुली काम टाकून बाहेर पडल्या. पाहता पाहता संप सुमारे चाळीस हजारांवर गेला. हल-हाउसमध्ये सभा झाल्या, अन्नधान्याची सोय झाली, तडजोडीच्या बोलण्यांत ॲडम्सबाई पडल्या. १९११ च्या जानेवारीत त्या कारखान्यापुरता करार झाला आणि लवादाची पद्धत आली. इतर ठिकाणचे कामगार मात्र बव्हंशी रिकाम्या हाताने परतले. १९१४ साली स्थापन झालेल्या कपडे कामगारांच्या मोठ्या युनियनचे पुढारी याच संपात घडले.

येथवर ऐकून कोणी म्हणेल की, हे घर म्हणजे स्वर्गच. तसे नव्हते. कृष्णवर्णीय लोक शेजारी राहायला आले तेव्हा त्यांच्यासाठी या घराची दारे मोकळी व्हायला उशीर लागला, हा दोष इतिहासकारांनी दाखविला आहे आणि तो खरा आहे. दुसरी उणीव आम्हाला संघटक म्हणून अधिक खुपते. १८९५ साली हल-हाउस ही संस्था म्हणून रीतसर नोंदली गेली आणि मालमत्तेचा कारभार विश्वस्तांकडे गेला. विश्वस्त चांगले होते, देणगीदार उदार होते. परंतु ज्यांनी त्या घरात सूत कातले, नाटके केली, संप लढविले, त्यांच्यापैकी कोणाचेही नाव कागदावर नव्हते. ॲडम्सबाई हयात होत्या तोवर या उणिवेने काही बिघडले नाही. १९३१ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि १९३५ च्या मे महिन्यात त्या वारल्या.

उणिवेचे फळ १९६१ साली समोर आले. इलिनॉय विद्यापीठाला शिकागोत जागा हवी होती. महापौर रिचर्ड डेली यांनी हॉलस्टेड रस्त्यावरची ही वस्ती दाखविली. घरे, दुकाने आणि हल-हाउस, सगळे पाडावयाचे. विरोधाला पुढे आली फ्लॉरेन्स स्काला. एका इटालियन शिंप्याची मुलगी, लहानपणी हल-हाउसमध्ये वाढलेली. वस्तीतल्या बायकांना घेऊन ती महापौरांच्या कचेरीत ठाण मांडून बसली. तिच्या घरावर बाँब टाकण्यात आला तरी ती हटली नाही. ऐंशी उलटलेल्या जेसी बिनफर्ड, अनेक दशके हल-हाउसमध्ये राहिलेल्या, तिच्या बाजूला उभ्या राहिल्या. परंतु मार्च १९६३ मध्ये विश्वस्तांनी जागा ८,७५,००० डॉलरना देऊन टाकली, आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप नाकारला. इमारती पडल्या. विद्यापीठाच्या आवारात आज दोनच उभ्या आहेत: रहिवाशांची भोजनशाळा, आणि १८५६ चे ते मूळ घर. ते पुन्हा पूर्वीच्या रूपात आणून तिथे संग्रहालय केले आहे. माळावर एकटे असलेले घर पुन्हा एकटे झाले. मधली सत्तर-पाऊणशे वर्षांची वस्ती तेवढी नाहीशी झाली.

संस्था मात्र शहरात इतरत्र विखुरलेल्या केंद्रांतून चालू राहिली. १९६३ नंतर तिच्या एका केंद्रात बॉब सिकिंजर यांनी नावाजलेले नाट्यगृह चालविले. पुढे मोठा नाटककार झालेला डेव्हिड मॅमेट किशोरवयात तिथे काम करीत होता. पण हळूहळू संस्थेचे उत्पन्न बव्हंशी सरकारी कंत्राटांवर आले, ती कमी झाली, कर्ज वाढले. २०१२ च्या जानेवारीत जाहीर झाले की मार्चमध्ये संस्था बंद होणार; प्रत्यक्षात २७ जानेवारीलाच तिला कुलूप लागले. सुमारे तीनशे नोकर एका दिवसात रस्त्यावर आले. ज्या घराने बायकांना युनियन करायला छप्पर दिले, त्याच नावाच्या संस्थेत शेवटच्या दिवशी कामगाराला पुरती नोटीसही मिळाली नाही. याहून कडू शेवट कल्पनेतही सुचणार नाही.

ही हवा मुंबईपर्यंत आली नव्हती असे नाही. ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन करून गिरणगावात रात्रीच्या शाळा व वाचनालये चालविली; तेच जोशी पुढे १९२० साली ट्रेड युनियन काँग्रेस उभारणाऱ्यांत होते. शिकागोत शिकलेले क्लिफर्ड मॅन्शर्ट यांनी १९२६ साली नागपाड्यात शेजारगृह काढले, आणि समाजकार्याचे देशातले पहिले महाविद्यालय १९३६ साली तिथूनच सुरू झाले. लीगने परळला बांधलेले दामोदर नाट्यगृह १९२२ चे. कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांनी पाळी संपवून तालमी केल्या, आणि त्या रंगमंचावर कामगार रंगभूमी उभी राहिली. शंभरी पाहिलेले ते नाट्यगृह पुनर्बांधणीसाठी २०२३ च्या नोव्हेंबरात बंद झाले, तेव्हा नाट्यकर्मींना आवाज उठवावा लागला की पुन्हा बांधताना नाट्यगृहाची जागा हिरावू नका. रंगमंचावर उभे राहणारे, पडदा ओढणारे, तिकीट काढून बसणारे, यांना निर्णयाच्या टेबलाशी खुर्ची किती? परळचा प्रश्न आणि हॉलस्टेड रस्त्याचा प्रश्न एकच आहे.

आमचे शिक्षण शाळेपेक्षा युनियनच्या कचेरीतल्या बाकावर अधिक झाले. त्या बाकावर एक गोष्ट शिकलो: करार तोंडी असेल तर मालक बदलला की तो संपतो. कलेच्या घरालाही हाच नियम लागू आहे. आज गावोगावी जुने वाडे, ओस पडलेल्या गोदामांच्या जागा, बंद गिरण्यांची आवारे यांची कलाकेंद्रे करावीत अशी भाषा ऐकू येते. ती भाषा चांगली आहे, आणि आमचा तिला पाठिंबा आहे. परंतु केंद्राचे उद्घाटन होताना आम्ही तीन गोष्टी विचारणार आहोत. तिथे येणाऱ्याला संध्याकाळ मोकळी आहे काय, की त्याची पाळी बारा तासांची झाली आहे? तो तिथे नुसता पाहायला येणार, की त्याच्या हातातली विद्याही मांडली जाणार? आणि तिसरी, शेतकऱ्याचे पोरही विचारते ती: सातबाऱ्यावर नाव कोणाचे? हल-हाउसने पहिल्या दोन प्रश्नांना उत्तम उत्तरे दिली. तिसरा प्रश्न तिथे वेळेवर कोणी विचारला नाही. तो विचारण्याचे काम आता आपले आहे, आणि त्याची वेळ पाया खणताना असते, छप्पर उतरताना नव्हे.